आईबापांविना मत्स्यपिलांचे संगोपन
वळवणचा महाशीर आणि आमच्या घरची डिस्कस

शेततळे खोदून झाले, त्यात पाणीही साठले. आता मत्स्यबीज कोठून आणावे व ते जगवावे कसे, असा प्रश्न आमच्या पानशेत-वेल्हे भागातील पुष्कळ शेतकरी बंधू आम्हांस विचारीत असतात. आम्ही महसूल खात्यात कारकून म्हणून सेवा करून निवृत्त झालो. मत्स्यशास्त्राचे अध्ययन आमचे नाही. तथापि गेली दोन वर्षे आमच्या घरी माशांची पिले आईबापांपासून वेगळी काढून हाताने वाढविण्याचा जो उद्योग चालला, त्यात आमचे पैसे गेले, झोप गेली, आणि एका निरपराध जोडप्यावर आम्ही नसता आरोपही ठेविला. ही हकीकत व तिच्या निमित्ताने मिळविलेली माहिती सभासदांपुढे ठेवावी, म्हणजे आमची ठेच इतरांस उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

आमच्या भागाचे माशांशी नाते जुने आहे. आंबी नदीवरील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व पुणे शहरात हाहाकार उडाला, हे सर्वांस विदित आहे. पुढे ते धरण पुन्हा बांधण्यात आले. आमच्या वडिलांची नदीकाठची भातखाचरे त्या पाण्याखाली गेली आणि वरच्या अंगाची थोडी जमीन तेवढी शिल्लक राहिली. वडील सांगत की, मृगाचा पाऊस पडून ओढे खळाळू लागले म्हणजे नदीतील मासे प्रवाहाविरुद्ध चढून खाचरापर्यंत येत. हे चढणीचे मासे धरण्यास सारा गाव लोटे. ते मासे अंडी घालण्यासाठी वर येतात, हे सर्वांस ठाऊक होते. पण अंडी घातल्यावर त्यांचे पुढे काय होते, याची चौकशी कोणी करीत नसे.

याच चौकशीपासून आरंभ करू. सर्व मासे आपल्या संततीशी एकसारखे वागत नाहीत. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या पाण्यात अंडी सोडतात आणि निघून जातात. अंडी लक्षावधी, त्यातून जगणारी थोडी. असा त्यांचा हिशेब असतो. उलट मरळ आपल्या तांबूस पिलांच्या घोळक्याखाली पहारा करीत फिरते, हे आमच्याकडील कोणताही गुराखी सांगेल. १९५२ साली भारतात आलेली चिलापी तर अंडी व पिले आपल्या तोंडात सांभाळते. कोकण-गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर, ज्यास केरळात करीमीन म्हणतात, तोही नरमादी मिळून अंड्यांची राखण करितो. सारांश, काही माशांत आईबाप हे केवळ जन्मदाते असतात, तर काहींत ते पालकही असतात. हाताने पिले वाढवू इच्छिणाऱ्याने हा भेद प्रथम मनात ठसवावा. कारण पहिल्या प्रकारात मनुष्यास फक्त पाण्याचे काम करावयाचे असते, दुसऱ्या प्रकारात त्यास आईबापांचेही काम करावे लागते.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. महाशीर हा सह्याद्रीच्या नद्यांतील राजा मासा. दख्खनच्या महाशीरास शास्त्रात जे नाव आहे, ते कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या माशावरून दिलेले आहे. ‘खुडरी’ हा शब्द त्या नावात आजही टिकून आहे. आमची आंबी मुठेस मिळते. तेव्हा हा मासा आमच्याच पाण्याचा म्हणावयास हरकत नाही. महाडजवळील वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून लोक याचे रक्षण करितात. परंतु इतरत्र त्याचे दिवस फिरले. स्वच्छ, वाहत्या, खडीच्या तळाच्या पाण्यात अंडी घालण्यास हा पावसाळ्यात वर चढतो. धरणांनी त्याची वाट अडविली, आणि डोहांत सुरुंग उडवून मासे मारणाऱ्यांनी उरल्यासुरल्या मोठ्या माशांचा फडशा पाडला.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा यांच्या वीज कंपनीचा तलाव आहे. तेथे १९७० नंतरच्या काळात महाशीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषविलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची अंडी व त्यांची वाढ यांविषयी १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला होता; त्यांनी व श्री. ओगले यांनी वळवण येथे ती विद्या कामास लाविली. कृती ऐकण्यास सोपी वाटते. पावसाळ्यात परिपक्व नरमादी जाळ्याने धरावयाची. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यावयाची. त्यांवर नराचे वीर्य सोडून पिसाने हलकेच मिसळावयाचे. आणि मग पाणी घालून अंडी धुवावयाची. आरंभी पाणी घालावयाचे नाही, ही यातील खुबी होय. कारण पाणी लागताच वीर्यातील चलनशक्ती थोड्याच वेळात संपते.

महाशीराची अंडी आकाराने मोठी व जड असतात, ती तळाशी बसतात. म्हणून ती वाहत्या स्वच्छ पाण्याच्या तबकांत एका थराने पसरून ठेवितात. मेलेले अंडे पांढरे पडते. ते त्याच वेळी वेचून काढले नाही, तर त्यावर बुरशी चढते आणि शेजारची जिवंत अंडीही नासतात. पाण्याच्या उष्णतेनुसार तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. परंतु पोटाशी बलकाची पिशवी असल्यामुळे पुढे कित्येक दिवस ती काही खात नाहीत आणि अंधाऱ्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडून राहतात. पिशवी संपली की मग बारीक अन्न द्यावयाचे. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरच्या प्रांती पाठविता येतात, हेही कुलकर्णी-ओगले यांनी दाखवून दिले. या मार्गाने वळवणहून लाखो पिले देशातील निरनिराळ्या जलाशयांत गेली.

रोहू-कटल्याच्या बाबतीत अडचण निराळी होती. हे मासे साचलेल्या तळ्यात अंडीच घालीत नसत. म्हणून नद्यांतून गोळा केलेल्या मत्स्यबीजावर सर्व धंदा अवलंबून असे, आणि त्यात नको त्या जातीही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी मस्तकग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांस तळ्यातच अंडी घालावयास लाविले. तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज आपण मत्स्यजिरे, मत्स्यबीज व बोटुकली जे विकत घेतो, ते बहुतेक याच विद्येचे फळ आहे. या दोन्ही उदाहरणांत आईबापांची उणीव पिलांस भासत नाही. कारण निसर्गातही ती त्यांस लाभत नव्हती.

आता आमच्या घरच्या हकीकतीकडे वळतो. आमच्या पुतण्याने शोभेच्या माशांचा धंदा करावयाचे मनात घेतले. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून परसातील शोभेच्या माशांच्या संगोपनासही साहाय्य आहे, हे त्याने वाचले होते. परंतु अर्जाच्या निकालाची वाट न पाहता त्याने भातावर उचललेल्या रकमेतून गोठ्याच्या पडवीत काचेच्या टाक्या मांडल्या व डिस्कसची सहा पिले आणिली. आम्ही विरोध केला. भाताच्या पैशात मासे पोसणे आम्हांस रुचले नाही. परंतु तरुण माणसाची उमेद मोडू नये, असे आमच्या घरातील मंडळींचे म्हणणे पडले, आणि आम्ही हिशेब ठेवण्याचे काम पत्करिले.

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीच्या पाण्यातला, थाळीसारखा गोल व चपटा मासा. १८४० साली हेकेल या शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. त्यास मऊ, किंचित आंबट व उबदार पाणी लागते. अठ्ठावीस ते तीस अंश उष्णता असावी. आमच्याकडील पावसाच्या साठवणीचे पाणी मऊ आहे, साबणाला फेस चटकन येतो. हा आमचा एक लाभ. विंधनविहिरीचे जड पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या माशाच्या पैदाशीचा नाद न केलेला बरा. कारण जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत.

सहापैकी दोघांची जोडी आपण होऊन जमली. कुंभाराकडून आणिलेल्या उपड्या मडक्यावर मादीने अंडी चिकटविली, नराने ती फळविली आणि दोघे आळीपाळीने पंखांनी त्यांवर पाणी खेळवू लागली. आम्हांस मोठे कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मडके स्वच्छ! आईबापांनी अंडी खाऊन टाकिली होती. आठवड्याने पुन्हा अंडी, पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळीही तेच झाले. आम्ही आमच्या वहीत ‘जोडी कुलक्षणी, अंडीभक्षक’ असा शेरा लिहिला. पुतण्या म्हणाला, “काका, आता अंडी काढूनच घेऊ. परदेशात लोक आईबापांशिवाय पिले वाढवितात.”

हे खरे आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील जॅक वॉटली यांचे नाव या विद्येत प्रसिद्ध आहे. परंतु डिस्कसची गोष्ट महाशीरासारखी नाही, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. डिस्कसची पिले पोहू लागताच आईबापांच्या अंगास चिकटतात आणि त्यांच्या कातडीवर पाझरणारा चिकट द्रव कुरतडून खातात. आईच्या अंगावरचा द्रव संपत आला की ती हलका झटका देते व पिले बापाच्या अंगावर जातात. २०१० साली इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधील सहकाऱ्यांसह असे दाखविले की, पिले असताना या द्रवातील पोषक प्रथिने वाढतात व रोगप्रतिकारक द्रव्येही वाढतात. आणि सुमारे तिसऱ्या आठवड्यानंतर आईबाप पिलांपासून दूर पोहू लागून त्यांस हळूहळू तोडतात.

आम्हां शेतकऱ्यांस हे समजण्यास शास्त्राची पोथी नको. गाय व्याली म्हणजे वासरास पहिला चीक पाजलाच पाहिजे, हे आपण जाणतो. चीक न मिळालेले वासरू दुधावर वाढते, पण त्यास हगवण लवकर लागते, आणि त्याच्या संगोपनास दुप्पट काळजी घ्यावी लागते. डिस्कसच्या अंगावरील द्रव हा त्याच्या पिलांचा चीकच होय. तेव्हा अंडी काढून घेणे म्हणजे चीक तोडणे, हा विचार आमच्या मनात आला होता. परंतु तीन वेळचे रिकामे मडके डोळ्यांसमोर असल्यामुळे आम्ही तो बाजूस सारिला.

आईबाप चार कामे करितात : अंड्यांवर पाणी खेळविणे, मेलेली अंडी वेचणे, शत्रूपासून राखण करणे, आणि चारा देणे. यांपैकी पहिल्या तिन्हींस पर्याय सोपा आहे. अंडी असलेले मडके त्याच टाकीतील पाण्यासह लहान भांड्यात ठेविले. हवेच्या पंपाची नळी अशी लाविली की बुडबुडे अंड्यांजवळून जावेत, पण अंड्यांवर आपटू नयेत. आणि बुरशी येऊ नये म्हणून पाण्यास आकाशी छटा येईल इतपत मिथिलीन ब्ल्यू घातले. सुमारे अडीच दिवसांत पिले फुटली व शेपट्या हलवीत मडक्यास लोंबत राहिली. आणखी तीन दिवसांनी ती सुटून पोहू लागली. येथपर्यंत सर्व ठीक चालले, आणि आम्हांस वाटले की विद्या साधली.

खरी परीक्षा चाऱ्याची. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक वाळवून, वस्त्रगाळ करून त्याचा घट्ट लगदा करितात व तो उथळ पसरट भांड्याच्या काठाशी, पाण्याच्या रेषेवर पातळ सारवितात. लगदा थोडा सुकू देऊन मग पाणी काठापर्यंत आणावयाचे. पिलांस उभ्या पृष्ठभागास चिकटून कुरतडण्याची उपजत सवय असते. ती भांड्याच्या काठालाच आईचे अंग समजून खाऊ लागतात. दर तीन-चार तासांनी चारा, आणि प्रत्येक चाऱ्यानंतर जुने पाणी काढून तितक्याच उष्णतेचे व त्याच गुणाचे ताजे पाणी, असा क्रम रात्रंदिवस ठेवावा लागतो. चार-पाच दिवसांनी खारट पाण्यात फोडलेली आर्टेमियाची ताजी पिले द्यावयाची. ती एकदा खाऊ लागली की अर्धी लढाई जिंकली.

आमचा पहिला प्रयोग आषाढात झाला. पिले पोहू लागल्याच्या दुसऱ्या रात्री वाऱ्यापावसात वीज गेली. पाणी तापविण्याचे यंत्र बंद पडले, हवेचा पंप बंद पडला. आम्ही चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरून भांड्याशी लाविले; परंतु उथळ भांड्यातील शेरभर पाणी ते किती, पहाटेपर्यंत ते थंडगार झाले. सकाळी सर्व पिले तळाशी राखेसारखी पडलेली होती. दुसऱ्या प्रयोगात विजेची सोय बॅटरीवर केली. पण रात्रीच्या दोनच्या पाळीस आम्ही होतो. झोपेच्या गुंगीत लगदा जाड सारविला गेला आणि ‘एक वेळ पाणी बदलले नाही तर काय होते’ असे म्हणून आम्ही अंथरुणावर पडलो. पहाटे पाणी दुधाळ झाले होते व त्यास वास येत होता. बलकाइतके चटकन नासणारे अन्न दुसरे नाही. पुतण्या काही बोलला नाही. त्याने भांडे धुऊन पालथे घातले. ते न बोलणे आम्हांस फार लागले. कारण त्या टाक्यांत भाताचे पैसे होते, आणि चूक आमची होती.

तिसऱ्या खेपेस शंभरावर पिलांतून एकतीस जगली. एकतीस हा आकडा आम्ही वहीत दोनदा लिहिला, इतका आनंद झाला. परंतु ती मोठी होऊ लागली तेव्हा तिघांची कल्ल्यांची झाकणे आखूड निघाली व काहींचा आकार गोल न होता लांबट राहिला. व्यापाऱ्याने ती निम्म्या दरासही घेतली नाहीत. विजेचा, अंड्यांचा, आर्टेमियाचा व औषधांचा खर्च वजा जाता हाती काही उरले नाही. आमच्या जागरणाचा तर हिशेबच धरिला नाही.

याच सुमारास एक अशी गोष्ट उघडकीस आली की, आमच्या वहीतील पहिला शेरा आम्हांस खोडावा लागला. पुतण्याच्या ओळखीचा एक अनुभवी मत्स्यपालक घरी आला असता त्याने विचारले, “जोडी अंडी खाते ती दिवसा की रात्री?” आम्ही म्हणालो, रात्री. “रात्री पडवीत कोण येते?” आता सांगावयास संकोच वाटतो, परंतु रात्री अंडी शाबूत आहेत किंवा नाहीत, हे पाहण्यास विजेरी घेऊन दोन-तीन वेळा आम्हीच जात होतो! एका क्षणी काळोख, दुसऱ्या क्षणी डोळ्यांवर झोत. भ्यालेल्या जोडप्याने अंडी गिळून टाकिली, यात नवल ते काय? शिवाय अगदी काळोखात त्यांस अंडी दिसत नाहीत व ती राखणही नीट करू शकत नाहीत; म्हणून अंडी असताना टाकीवर एक मंद दिवा रात्रभर एकसारखा जळत ठेवावा, असे त्याने सांगितले. नवख्या जोडीची पहिली काही अंडी अशीच जातात, त्याबद्दल तिला दोष देऊ नये, हेही त्यानेच समजाविले. आयुष्यभर दुसऱ्यांचे जाबजबाब व पंचनामे नकलून काढणाऱ्या आम्ही, या प्रकरणात साक्षीदाराला सोडून आरोपीच्याच कपाळी शिक्का मारिला होता; आणि तो साक्षीदार आमच्याच हातात विजेरी घेऊन उभा होता.

चौथ्या खेपेस आम्ही अंडी काढली नाहीत. मडक्याभोवती अंड्यांपासून बोटभर अंतरावर प्लॅस्टिकची जाळी बसविली. जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरू नये. जस्त पाण्यात उतरले म्हणजे माशांस विष होते. जाळीमुळे जोडीस अंडी खाता येत नाहीत, पण ती दिसतात, त्यांवर पाणी खेळविता येते. मंद दिवा ठेविला, टाकीच्या तीन बाजूंस गोणपाट लाविले, आणि पडवीत जाण्याची आम्हांस मनाई झाली. पिले पोहू लागण्याच्या वेळी जाळी काढिली. चार तास काही कळेना. पिले कोपऱ्यातल्या नळीभोवती जमू लागली. पुतण्याने टाकीतील पाणी निम्म्यावर आणिले व नळी बाहेर काढिली, म्हणजे पिलांस आईबापांखेरीज दुसरे काही काळे दिसू नये. संध्याकाळच्या आत घोळका बापाच्या पाठीवर जाऊन बसला. त्या वेळी साठावर पिले जगली. विजेचा खर्च तोच, परंतु रात्रीची जागरणे नाहीत, बलकाची घाण नाही, आणि पिले गोल व तेजस्वी. तिसऱ्या आठवड्यात ती वेगळ्या टाकीत हलविली. पुढच्या दोन खेपांस जाळीचीही गरज पडली नाही.

यावरून हाताने वाढविण्याची विद्या निरुपयोगी आहे, असे कोणी समजू नये. आईबापांपैकी एक मेला, त्यांस रोग झाला व तो पिलांस लागण्याचे भय असले, किंवा जोडी खरोखरच अंडी टिकू देत नसली, तर ही विद्या वंश राखते. कोंबडी खुडूक न बसली तर दुसरीच्या खाली अंडी ठेवावी, तसे दुसऱ्या नुकत्याच व्यालेल्या डिस्कसच्या जोडीकडे पिले सोपविण्याचीही रीत आहे. परंतु सर्वच पिले हाताने वाढवीत गेल्यास, अंडी न सांभाळणाऱ्या जोड्यांचाच वंश आपण वाढवीत जातो, असा अनेक जाणत्या मत्स्यपालकांचा आक्षेप आहे. आणि बी राखताना जोमदार कणीस निवडणाऱ्या शेतकऱ्यास तो विचार करण्याजोगा वाटेल.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. पिले वाढविता आली म्हणजे ती कोठेही सोडण्याचा अधिकार मिळाला, असे नव्हे. महाशीराचेच पाहा. दख्खनचा निळ्या परांचा महाशीर कृत्रिम रीतीने मुबलक होऊ लागल्यावर तो कावेरीच्या पाण्यातही सोडण्यात आला. हेतू चांगलाच होता. परंतु त्या नदीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. नवागत वाढला व मूळचा मासा झपाट्याने ओसरला, असे संशोधकांनी २०१५ साली दाखविले. २०१८ साली त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर आहे असे ठरले. एका नदीत जो मासा रक्षणास पात्र, तोच दुसऱ्या नदीत उपद्रवी ठरू शकतो. मग शोभेच्या परदेशी माशांविषयी काय सांगावे? आखूड झाकणांची ती तीन पिले धरणाच्या पाण्यात सोडून देण्याची सूचना आमच्याच घरी कोणी केली होती. आम्ही ती मान्य केली नाही. डिस्कस आमच्या थंडीत बहुधा तगणार नाही; पण सोडण्याची सवय एकदा लागली की पुढच्या वेळी जो मासा सुटेल तो तगणारा असेल. पानशेतचे पाणी पुणे शहर पिते आणि आमच्या नदीचे मासे त्यात राहतात, हे विसरू नये.

शेवटी, जे शेतकरी बंधू या उद्योगात पडू इच्छितात त्यांस आमचे सांगणे थोडक्यात येणेप्रमाणे आहे. शेततळ्यासाठी रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली खात्रीच्या केंद्रातून घ्यावी. त्यांची पैदास घरी करण्याच्या भरीस पडू नये. शोभेच्या माशांचा जोडधंदा करावयाचा असल्यास सोप्या जातींपासून आरंभ करावा, डिस्कसपासून करू नये. कर्ज काढण्यापूर्वी विजेच्या पर्यायाची किंमत हिशेबात धरावी. कारण एका रात्रीचा अंधार वर्षाचे उत्पन्न नेतो. पाणी कसे आहे हे मासे आणण्याआधी पाहावे. आणि आईबाप अंडी सांभाळीत नाहीत असे दिसले, तर अंडी काढून घेण्यापूर्वी एक महिनाभर आपण त्यांस किती त्रास देतो, याची नोंद ठेवावी.

पुतण्याने भातावरील उचल या दिवाळीपूर्वी फेडली. आमच्या वहीतील ‘कुलक्षणी’ हा शब्द आम्ही लाल शाईने खोडला असून, नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी आपली सही केली आहे.